विश्लेषण : ‘वैयक्तिक माहिती’ कशाला म्हणायचे? प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे का?

मोबाइलवर नवे अ‍ॅप उघडले की ‘तुमची वैयक्तिक माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असे आश्वासन हमखास दिसते. त्यातल्या ‘वैयक्तिक माहिती’ या दोन शब्दांत नेमके काय मोडते, हे मात्र त्या पडद्यावर लिहिलेले नसते. ते त्या त्या देशाचा कायदा ठरवतो आणि कायदा देशागणिक बदलतो. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. या कायद्यातील व्याख्या वाचताना ऐसपैस वाटते. पण तिच्या आसपासच्या कलमांत काय वगळले आहे, हे पाहिले की चित्र बदलते.

व्याख्येला एवढे महत्त्व का?

व्याख्या हा कायद्याचा दरवाजा असतो. एखादी माहिती ‘वैयक्तिक’ ठरली तर ती गोळा करण्यापूर्वी सूचना देणे, संमती घेणे, मागितल्यास दाखवणे, चूक असल्यास दुरुस्त करणे, काम संपल्यावर पुसणे ही सारी बंधने लागू होतात. भारतीय कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कुचराई केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तीच माहिती ‘वैयक्तिक नाही’ असे ठरले, तर यापैकी काहीच लागू होत नाही. त्यामुळे वाद झाला की कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न ‘संमती घेतली होती का’ हा नसतो, ‘ही माहिती वैयक्तिक आहे का’ हा असतो.

आयर्लंडमधील एका परीक्षार्थीचे प्रकरण याचे चांगले उदाहरण आहे. लेखापालाच्या परीक्षेत नापास झाल्यावर त्याने स्वतःची उत्तरपत्रिका मागितली. ती त्याची वैयक्तिक माहिती नाही, असे सांगून नकार मिळाला. प्रकरण युरोपीय महासंघाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परीक्षार्थीने लिहिलेली उत्तरे आणि त्यावर परीक्षकाने मारलेले शेरे, दोन्ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, असा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये लागला. भारतातील विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क त्याआधीच, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळाला होता. पण तो गोपनीयतेच्या नव्हे, माहिती अधिकाराच्या वाटेने. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

युरोपची व्याख्या एवढी रुंद कशी?

युरोपीय महासंघाचा ‘जीडीपीआर’ हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. ओळखलेल्या किंवा ओळखता येण्याजोग्या जिवंत माणसाशी संबंधित कोणतीही माहिती त्यात वैयक्तिक मानली जाते. ओळख थेट नावावरूनच पटली पाहिजे, असे नाही. ओळख क्रमांक, ठिकाण, इंटरनेटवरील खुणा किंवा शारीरिक, आनुवंशिक, आर्थिक, सामाजिक वैशिष्ट्यांवरून पटली तरी पुरे.

ही रुंदी न्यायालयांनी वेळोवेळी मापली आहे. जर्मन सरकारी संकेतस्थळे भेट देणाऱ्यांचे आयपी पत्ते साठवून ठेवतात, याला पॅट्रिक ब्रेयर या राजकीय कार्यकर्त्याने आव्हान दिले. दर वेळी बदलणाऱ्या आयपी पत्त्यावरून संकेतस्थळाला माणूस कळत नाही, तो कळतो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला. तरीही ती जोडणी करून घेण्याचा कायदेशीर मार्ग संकेतस्थळाकडे असेल, तर त्याच्यासाठीही हा पत्ता वैयक्तिक माहितीच ठरतो, असे न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घातलेली माहिती ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यासाठी वैयक्तिक असते. ती ज्याला पाठवली, त्याच्याकडे माणूस ओळखण्याचे साधन नसेल, तर त्याच्यासाठी ती वैयक्तिक असेलच असे नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये युरोपीय आयोगाने ही सापेक्षता थेट व्याख्येतच आणण्याचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांना तो सुटसुटीत वाटतो, तर गोपनीयतेचे पुरस्कर्ते त्याला पळवाट म्हणतात.

युरोपने आणखी एक गोष्ट केली आहे. वंश, राजकीय मते, धर्म, कामगार संघटनेचे सदस्यत्व, आनुवंशिक व जैविक ओळख, आरोग्य, लैंगिक जीवन ही माहिती त्याने वेगळ्या कप्प्यात ठेवली. ठरावीक अपवाद सोडले तर ती वापरण्यास मुळातच मनाई आहे.

अमेरिकेत एकच व्याख्या का नाही?

कारण तिथे सर्व क्षेत्रांना लागू होणारा एकच केंद्रीय कायदा नाही. क्षेत्रागणिक कायदे आहेत आणि त्यातील काही तर एखाद्या प्रसंगातून जन्मले. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी पुढे आले, तेव्हा त्यांनी भाड्याने नेलेल्या व्हिडीओ कॅसेटची यादी वॉशिंग्टनमधील एका साप्ताहिकाने छापली. खासदार हादरले. दुसऱ्याच वर्षी व्हिडीओ भाड्याच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा झाला. सर्वसाधारण गोपनीयतेचा कायदा मात्र आजतागायत झालेला नाही.

आरोग्याच्या माहितीसाठी १९९६ चा ‘हिपा’ कायदा आहे. पण तो रुग्णालये, डॉक्टर, विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना बांधतो. डॉक्टरने नोंदवलेला रक्तदाब त्याच्या संरक्षणात येतो. तोच आकडा माणसाने स्वतः फिटनेस अ‍ॅपमध्ये भरला, तर सर्वसाधारणपणे येत नाही. म्हणजे माहिती तीच, पण ती कोणाच्या हातात आहे यावर तिचे कायदेशीर रूप ठरते.

ही फट कॅलिफोर्निया राज्याने बरीच बुजवली. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात व्यक्तीबरोबर कुटुंबाशी जोडता येणारी माहितीही वैयक्तिक आहे. शिवाय माहितीवरून काढलेले निष्कर्षही व्याख्येत आहेत. खरेदीच्या नोंदींवरून ‘ही ग्राहक गरोदर असावी’ असा अंदाज कंपनीने बांधून तिच्या नावापुढे नोंदवला, तर तो अंदाजदेखील त्या ग्राहकाची वैयक्तिक माहिती ठरतो. २०२३ पासून संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गही आला. माणूस १,८५० फूट त्रिज्येच्या आत नेमका कुठे आहे हे सांगणारी माहिती त्यात मोडते.

नाव खोडले की प्रश्न मिटतो का?

‘आम्ही नावे काढून टाकली आहेत’ हा कंपन्यांचा आणि सरकारांचा आवडता बचाव. त्याचा फोलपणा लटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकातच दाखवला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी उपलब्ध केल्या गेल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्हींतील जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून पाहिले. त्यातून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाच्या नोंदी हाती आल्या. या तीन गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के अमेरिकी नागरिक एकमेवपणे ओळखता येतात, असे त्यांनी पुढे मांडले. ‘ओळखता येण्याजोगी व्यक्ती’ हा शब्दप्रयोग बहुतेक कायद्यांत मध्यवर्ती का आहे, ते यातून कळते.

आशिया आणि आफ्रिकेत काय स्थिती?

चीनचा कायदा नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. त्याची व्याख्या युरोपसारखीच रुंद आहे. इलेक्ट्रॉनिक नसलेली नोंदही तिच्यात येते. १४ वर्षांखालील मुलांची सर्व माहिती तिथे संवेदनशील मानली जाते. सिंगापूरचा कायदा माहिती ‘खरी असो वा खोटी’ तिला वैयक्तिक मानतो. दक्षिण आफ्रिकेने तर माणसांबरोबर कंपन्या-संस्थांच्या माहितीलाही संरक्षण दिले आहे. जपानच्या विशेष काळजीच्या यादीत सामाजिक स्थान, गुन्ह्याची नोंद आणि गुन्ह्याची झळ बसल्याची वस्तुस्थिती यांचा समावेश आहे.

या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट जाणवते. ज्या माहितीच्या आधारे एखाद्या समाजात माणसाला बाजूला काढले जाते, हिणवले जाते, नाकारले जाते, ती माहिती त्या समाजाच्या यादीत येते. मग भारताच्या यादीत काय असायला हवे होते, याचे उत्तर अवघड नाही.

भारताची व्याख्या काय सांगते?

ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते, अशी त्या व्यक्तीविषयीची कोणतीही माहिती, असे भारतीय कायदा म्हणतो. माहितीत वस्तुस्थितीबरोबर मतेही मोडतात. इथपर्यंत व्याख्या युरोपच्या तोडीची आहे. प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर.

पहिली मर्यादा डिजिटल रूपाची. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत लिहिलेले नाव आणि मोबाइल क्रमांक कायद्याबाहेर असतात. त्या पानाची नोंद संगणकात गेली की ते कायद्यात येतात. दुसरी मर्यादा सार्वजनिक माहितीची. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली किंवा कायद्याने सार्वजनिक करावी लागलेली माहिती या कायद्यातून वगळली आहे. तिसरी मर्यादा सरकारची. केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी कायदा लागूच होत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे संवेदनशील माहितीचा वर्गच नाही. तो पूर्वी होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँक व कार्डाचे तपशील, आरोग्य, लैंगिक कल, जैविक ओळख यांची यादी होती. ज्या ४३ए कलमावर हे नियम उभे आहेत, ते नव्या कायद्याने वगळले जाणार आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात ही यादी आणखी वाढली होती. धर्म, राजकीय विचार, तृतीयपंथी असणे आणि ‘जात वा जमात’ हे शब्द तिच्यात होते. माहितीवरून व्यक्तिचित्र रंगवण्यासाठी काढलेले निष्कर्ष हीसुद्धा वैयक्तिक माहितीच, असेही २०१९ च्या विधेयकात स्पष्ट लिहिले होते. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ च्या कायद्यात ही यादीही नाही आणि निष्कर्षांचा उल्लेखही नाही.

यादी नसल्याने बिघडले काय?

यादी नसण्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. एकच नियम सर्व माहितीला लावला की कायदा सोपा होतो, छोट्या उद्योगांना पाळणे सुकर होते. शिवाय संवेदनशीलता संदर्भावर ठरते. भारतात आडनाव आणि गाव सांगितले की अनेकदा जात सांगून होते. लिथुआनियात जोडीदाराचे नाव जाहीर करण्यातूनही लैंगिक कल उघड होऊ शकतो, म्हणून त्यालाही विशेष संरक्षण हवे, असे युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. तोच निकष इथे लावला तर प्रत्येक हजेरीपट संवेदनशील ठरेल, अशी भीती व्यक्त होते.

पण या युक्तिवादाचा अर्थ यादी विचारपूर्वक करावी, असा होतो. यादीच नको, असा होत नाही. हजेरीपटावर आडनाव असणे वेगळे आणि त्या आडनावांवरून जातनिहाय गट पाडून कर्ज, नोकरी किंवा प्रचारासाठी वापरणे वेगळे. कायद्याने दुसऱ्या कृतीला अडवायला हवे आणि त्यासाठी ‘जात’ व ‘निष्कर्ष’ हे दोन्ही शब्द कायद्यात लागतात. विशेष म्हणजे संवेदनशीलता नावाची गोष्ट असते, हे नवा कायदाही मान्य करतो. मोठ्या कंपन्यांवर जादा बंधने टाकताना सरकारने माहितीची संवेदनशीलता पाहावी आणि दंड ठरवताना मंडळाने माहितीचे स्वरूप पाहावे, असे त्यात आहे. पण संवेदनशील म्हणजे काय, हे सांगितलेले नाही. म्हणजे ज्याची माहिती आहे, त्याला आधी काहीच कळणार नाही. निर्णय सरकारचा किंवा नुकसान झाल्यानंतरचा.

यातील विसंगती पुण्यातील आयटी क्षेत्रात सहज दिसू शकते. समजा, हिंजवडीतील एका कंपनीत जर्मन रुग्णालयाच्या नोंदींचे काम चालते. जर्मन रुग्णाच्या आजाराची नोंद हाताळताना, करार आणि जीडीपीआरमुळे, ती विशेष वर्गातील माहिती मानावी लागेल. शेजारच्या टेबलावर साताऱ्यातील रुग्णाची तीच नोंद असेल, तर भारतीय कायद्याच्या लेखी ती आणि पिझ्झाची ऑर्डर एकाच वर्गात असतील.

सार्वजनिक माहिती वगळली, यात गैर काय?

कॅलिफोर्नियाचा कायदाही सार्वजनिक माहिती वगळतो. युरोप वगळत नाही आणि त्याचा परिणाम दिसला आहे. इंटरनेटवरील छायाचित्रे गोळा करून चेहरे ओळखण्याची यंत्रणा उभारणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीला इटली, ग्रीस आणि फ्रान्सच्या नियामकांनी २०२२ मध्ये प्रत्येकी दोन कोटी युरोचा दंड ठोठावला. फोटो सर्वांना दिसतो म्हणून त्यावरून कोणीही चेहऱ्याचा साचा बनवावा, असा अर्थ होत नाही, ही त्यामागची भूमिका. भारतात मात्र स्वतःच खुल्या खात्यावर टाकलेला फोटो कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा दावा अशी कंपनी करू शकेल.

शिवाय ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. महाराष्ट्रातील घराघरांत फिरणारा लग्नाचा बायोडेटा घ्या. जन्मवेळ, रास, उंची, जात-पोटजात, पगार, मामाचे गाव, वडिलांचा मोबाइल क्रमांक, सारे एका पानात. मुलीने वा मुलाने तो वधू-वर सूचक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला आणि तिथून तो पन्नास ग्रुपांत गेला. तो सार्वजनिक झाला का? होय म्हटले, तर ते पान गोळा करून विकणाऱ्याला कोणतेही बंधन उरत नाही. नाही म्हटले, तर संरक्षण टिकते. एवढ्या मोठ्या फरकाचे उत्तर कायद्याने दिलेले नाही.

माहिती अधिकारावर परिणाम काय?

इथे हीच रुंदी उलट दिशेने काम करते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) नुसार सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. व्यापक सार्वजनिक हित असेल तर तीही द्यावी लागे. नव्या डेटा कायद्याने या अटी काढून टाकल्या. आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढे कारण नकारासाठी पुरते. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कंपन्यांवरील बंधनांना १८ महिन्यांची सवलत मिळाली, या दुरुस्तीला मात्र थांबावे लागले नाही.

सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) अजून शाबूत आहे. सरकार त्याकडे बोट दाखवते. पण ते हित सिद्ध करून घेण्याची लढाई आता अर्जदाराच्या वाट्याला येते. ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या माहिती अधिकार कायद्यात नाही. त्यामुळे अधिकारी सर्वांत रुंद अर्थाचा आधार घेण्याची शक्यता अधिक. ठेकेदाराचे नाव, शिधापत्रिकाधारकांची यादी, अधिकाऱ्याच्या जात प्रमाणपत्राची वैधता, या साऱ्यांत कोणीतरी माणूस ओळखता येतोच. म्हणजे ज्या व्याख्येत कंपन्यांसाठी फटी ठेवल्या, तीच व्याख्या प्रश्न विचारणाऱ्या नागरिकासमोर भिंत बनू शकते.

पुढे काय करता येईल?

व्याख्या आणि अपवाद बदलणे संसदेच्या हाती आहे. जात, धर्म, आरोग्य, जैविक ओळख, लैंगिक कल आणि नेमके ठिकाण यांचा संवेदनशील वर्ग, निष्कर्षांचा स्पष्ट समावेश, ‘सार्वजनिक’ची व्याख्या आणि माहिती अधिकारातील जुन्या अटींची पुनर्स्थापना, एवढ्या चार दुरुस्त्या पुरेशा ठरतील. यातील पहिल्या दोन गोष्टी २०१९ च्या विधेयकात तयार होत्या. त्या नव्याने शोधायच्या नाहीत.

दुरुस्तीची वाट न पाहताही सरकारला एक पाऊल टाकता येईल. रुग्णालयांच्या साखळ्या, कर्ज देणारी अ‍ॅप, विवाह जुळवणारी संकेतस्थळे यांना ‘महत्त्वपूर्ण डेटा हाताळणाऱ्या’ संस्थांच्या वर्गात आणण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. या वर्गातील संस्थांना दरवर्षी लेखापरीक्षण आणि परिणामांचे मूल्यमापन करावे लागते. मे २०२७ पूर्वी ही अधिसूचना काढली, तर यादी नसण्याची उणीव काही अंशी भरून निघेल.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्या हक्कासाठी कायदा यायला सहा वर्षे लागली आणि तो पूर्ण लागू व्हायला जवळपास दहा वर्षे लागतील. एवढी वाट पाहिल्यावर नागरिकाच्या हाती पडणाऱ्या कायद्यात त्याची जात, त्याचा आजार आणि त्याचा शर्टचा माप एकाच तागडीत असू नयेत, ही अपेक्षा फार मोठी नाही.